'कासव-पिन' की ब्रोच?

प्रश्न असा आला आहे: व्हायकिंग (हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या) स्त्रियांच्या पोशाखावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'टॉर्टॉइज ब्रोच'ला 'कासव-पिन' म्हणावं का?

माझ्या मते नको. या ब्रोचची पाठ फुगीर असते, म्हणून अभ्यासकांनी त्याला कासवाचं नाव दिलं. मराठी वाचक मात्र नक्षीत कासव शोधत बसेल. 'पिन'ही पटत नाही, कारण वस्तू बोटभर लांब, पोकळ, ओतीव पितळी धातूची. 'पदक' गळ्यात लोंबतं, 'बिल्ला' नुसता मिरवायचा. इथे तर सगळा झगाच दोन खांद्यांशी लावलेल्या अशा ब्रोचांच्या जोडीवर पेललेला. मागून खांद्यावरून आलेला लांब बंद आणि पुढचा आखूड फासा, दोन्ही ब्रोचमागच्या लोखंडी काट्यात ओवायचे. तसंच दुसऱ्या खांद्याला. दोन ब्रोचांमध्ये मण्यांच्या माळा, कधी साखळीला सुरी किंवा सुयांची नळी. म्हणून सरळ 'अंडाकृती ब्रोच' लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'जोडी' हा शब्द जरूर घालावा.

स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंग काळातल्या व्यापारी गावाच्या थडग्यांत या जोड्या भरपूर सापडल्या. काटा गंजला, धातूचे क्षार कापडात मुरले, आणि बाकीचा झगा कुजून गेला तरी काट्याभोवतीचे लिननचे फासे टिकले. त्या पोशाखाबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या चिंध्यांमुळेच.

त्या काळचा शब्द हवा असेल, तर 'रीगस्थुला' या जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) काव्यात सूत कातणाऱ्या बाईच्या वर्णनात 'खांद्यांवर द्वेर्गार', शब्दशः 'बुटके लोक', असं येतं. ते हेच ब्रोच असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात.

मला सगळ्यात आवडतो तो इब्न फदलान या अरब प्रवाशाचा शब्द. ९२२ साली व्होल्गाकाठी त्याने रूस लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडे व्यापाराला आलेल्या व्हायकिंगांच्या, बायका पाहिल्या. त्यांच्या छातीवर लोखंडाची, चांदीची, तांब्याची किंवा सोन्याची 'हुक्का' असते, नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे, असं तो लिहितो. अरबीत हुक्का म्हणजे डबी. आपला ओढायचा हुक्का त्याच शब्दावरून आला. तेव्हा त्याचा उतारा देताना 'छातीवर डबी' असंच ठेवावं, तिथे 'ब्रोच' घुसडू नये.

इंग्रजीत या झग्याला 'एप्रन ड्रेस' म्हणतात, पण मराठीत 'एप्रन' मात्र कृपया लिहू नका. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. 'बंदांचा झगा' पुरे.