अकरा पुस्तकं आणि साडेतीन ओळी

एप्रिल संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, सुट्टी लागली, पण पोरगा पुस्तकाला हात लावत नाही. दिवसभर मोबाइल." अशाच एका आईची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगा पाचवीचे पेपर देऊन मोकळा झालेला. आईने पुस्तक प्रदर्शनातून अकरा पुस्तकं आणली होती आणि फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. 10 ते 11 वाचन, मग वहीत दहा ओळींचा सारांश, नवीन शब्दांसाठी वेगळा रकाना. आठ दिवसांत अर्धं पुस्तक झालं होतं आणि वहीत साडेतीन ओळी. त्यातही 'गोष्ट छान आहे' हे दोनदा. (मला ती वही आवडली, पण बोलले नाही.)

आधी मी त्याला एक पान मोठ्याने वाचायला लावलं. वयाच्या मानाने मूल फारच अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये, रीतसर तपासणी करून घ्यावी. हा घडाघडा वाचत होता.

मग चूक माझी झाली. वीस पानांना एक स्टार, दहा स्टार झाले की आइस्क्रीम, असा तक्ता मी सुचवला. खरं तर मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा 1973चा प्रयोग मला पाठ आहे. ज्या बालवाडीच्या मुलांना चित्रं काढण्याबद्दल बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे आपणहून चित्रं काढण्यात इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ घालवू लागली. पण समोर आई रडवेली बसलेली असली की काहीतरी हातात द्यावंसं वाटतं. मुलाने सगळ्यांत मोठ्या अक्षरांची, चित्रंच चित्रं असलेली पुस्तकं निवडली, आठवड्याच्या आत आइस्क्रीम खाल्लं आणि पुस्तकं मिटली. "हिशेबाला पक्का आहे," वडील म्हणाले.

पुढच्या वेळी त्याच्याशी एकट्याशी बोलले. काय वाचायला आवडतं? खांदे उडवले. थोड्या वेळाने म्हणाला, "पेपरातलं आयपीएलचं सगळं वाचतो. पण ते वाचन नाही."

"कोण म्हणालं?"

"आई." मग चप्पल जमिनीवर घासत, "पुस्तक संपलं की ती विचारते, काय शिकलास? म्हणून मी संपवतच नाही."

हे मी आईला सांगितलं, त्याच्या परवानगीने. ती गप्प झाली. मग स्वतःच्या सुट्ट्यांवर आली. आजोळचा माळा, 'किशोर'चे जुने अंक, काहींची मुखपृष्ठंही गेलेली. "तेव्हा मी काय शिकले? काही नाही हो. नुसती पडून असायचे." शेवटचं पुस्तक कधी वाचलं, या प्रश्नावर "बाळंतपणात" म्हणून हसली.

'आईने मुलासमोर वाचत बसावं' हा सल्ला आम्ही लोक फार सहज देतो. सुट्टीत पोरं घरी म्हणजे तिचं काम दुप्पट. ती पुस्तक घेऊन बसली तर पोळ्या कोण लाटणार? म्हणून मी ते वडिलांवर सोपवलं. जेवणानंतर अर्धा तास मोबाइल बाजूला, हातात काहीही छापील. त्यांनी आठवड्यातून दोनदा केलं. चालेल.

वेळापत्रक फ्रिजवरून उतरवलं. सारांश बंद. पुस्तकं कपाटातून काढून कॉटवर, बाल्कनीत, कुठेही पडू दिली. अर्धं सोडलं तर सोडू दे, म्हटलं. मोबाइलची वेळ मात्र ठरलेली ठेवायला सांगितली, आणि त्या वेळेचा पुस्तकाशी सौदा करायचा नाही. 'वीस पानं वाच, मग मोबाइल देते' म्हटलं की मोबाइल श्रीखंड होतो आणि पुस्तक कारलं.

दहा-बारा दिवस काहीच घडलं नाही. आईचे दोन फोन आले, दोन्ही वेळा "अजून नाही."

मग सासूबाईंनी कुरडयांचा घाट घातला. तीन दिवस भिजवलेले गहू, चीक, सोऱ्या, सगळं साग्रसंगीत. गच्चीवर राखण नातवाकडे. 1971 पासून बालभारती काढत असलेल्या 'किशोर'चे जुने अंक आता नेटवर फुकट मिळतात, पण भर उन्हात मोबाइलचा पडदा दिसतो कुठे? आईच्या माहेरून आलेला छापील गठ्ठा घेऊन तो छत्रीखाली बसला.

संध्याकाळी मेसेज आला. "मॅडम, राखणदार वाचत बसला आणि कावळ्यांनी सात कुरडया नेल्या. सासूबाई माझ्यावरच चिडल्यात. 'काय वाचत होतास' हे अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. आता कुरडयांबद्दल तरी ओरडू का?"

कुरडयांबद्दल ओरडा, मी कळवलं.