सांभाळ कुणी करायचा, आणि कसा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं घरातल्या वयस्कर माणसांबद्दलची आहेत. त्यातली चार इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे माझी उत्तरं वॉर्ड, तहसील आणि प्रांत कार्यालय यांच्याच वाटेने जाणार.

ताई, नमस्कार. बाबांना (वय 78) अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं. आठव्या दिवशी नाकातली नळी आणि लघवीची पिशवी यांच्यासह घरी सोडलं. आईचे गुडघे गेलेत. मी बँकेत नोकरी करते. भाऊ बेंगळुरूला असतो, पैसे पाठवतो. ब्यूरोची बाई ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी सोडून गेली. बाबांना एखाद्या केंद्रात ठेवावं असं मनात येतं आणि लगेच अपराधी वाटतं. काय करू? – एक मुलगी, नाशिक

तुमच्या सगळ्या पत्रात भावाबद्दल दोनच शब्द आहेत, ‘पैसे पाठवतो’. सुरुवात तिथूनच करते. पैसे लागतातच, पण या आजारात पैशापेक्षा माणसाचे तास जास्त लागतात. औषधं आणि डायपर ऑनलाइन मागवणं, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या वेळा, ब्यूरोशी बोलणं ही कामं बेंगळुरूहून होतात. ती त्याच्या नावावर टाका. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर येऊन रात्रपाळी त्याने करायची, म्हणजे तुम्ही आणि आई झोपाल. मुलगी जवळ राहते म्हणून सगळं तिच्याच अंगावर, हे मी वॉर्डात इतकं पाहिलं आहे की त्याचा राग अजून जात नाही.

आता बाबांचं. नळीतून काहीही देताना त्यांना उशांच्या आधाराने अर्धवट बसतं करा आणि दिल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. आडवं ठेवून दिलं तर अन्न उलटून फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर रोज उजेडात बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडून पुन्हा लाल झाला तर वेळ आहे, पण फिकाच पडत नसेल तर जखम आतून सुरू झाली आहे असं समजा, त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून ती जागा गरम किंवा टणक लागते का तेही बघा. हवेची गादी जरूर घ्या, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

पलंगाला एक वही बांधून ठेवा. तिच्यात ‘6.10 – 200 मिली पेज, उजवी कूस. 8.15 – डावी कूस, डावी टाच लालसर. लघवी गढूळ’ एवढंच लिहायचं. ज्याची पाळी असेल त्याने लिहायचं, मग आई असो, बाई असो की भाऊ. डॉक्टरांना ती वही दाखवली की पाच मिनिटांच्या भेटीत नेमकं बोलणं होतं. शिवाय नव्या बाईला पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा सांगत बसावं लागत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच. लघवीची नळी अजून लागते का? ती जितकी जास्त दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि गिळण्याची तपासणी कधी करायची? ती स्पीच थेरपिस्ट करतात. गिळणं सुधारल्यावर नाकातली नळी निघालेले खूप रुग्ण मी पाहिले आहेत, पण तपासणीच झाली नाही म्हणून महिनोन् महिने नळीवर राहिलेलेही पाहिले आहेत. फिजिओथेरपी आजच सुरू करा, कारण झटक्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे असतात. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये जा आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आवर्जून भेटा. सत्तरीपुढच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड 29 ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांसाठी. ते बाबांचं काढून ठेवा. मात्र त्यात रुग्णालयात भरती झाल्यावरचे उपचार येतात. घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

ब्यूरोवाल्यांना विचारा, या बाईंनी नळीचा रुग्ण आधी सांभाळला आहे का? सुट्टीच्या दिवशी बदली कोण? बारा तासांची ड्युटी की चोवीस? चोवीस तासांची असेल तर त्या झोपणार कधी? तिसऱ्या दिवशी बाई सोडून जाते तेव्हा बहुतेक वेळा तिला न पेलणारं काम समोर आलेलं असतं. नळी बदलणं हे आयाचं काम नाहीच, त्याला नर्सच हवी.

राहिलं केंद्राचं. तसं मनात येण्यात अपराधी वाटावं असं काही नाही. ज्या घरात एक नोकरी करणारी मुलगी आणि गुडघे गेलेली आई आहे, तिथे चोवीस तासांची शुश्रूषा दोघींनी ओढायची ही अपेक्षाच चुकीची आहे. फक्त हे लक्षात घ्या की बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. तुम्हाला अंथरुणावरच्या रुग्णांना घेणारं शुश्रूषा केंद्र बघावं लागेल. न कळवता दुपारी तीनच्या सुमाराला जा. तिथल्या आजी-आजोबांची नखं बघा, वास घ्या, रात्री किती माणसं कामावर असतात ते विचारा, अनामत परत मिळण्याची अट लेखी घ्या. आधी पंधरवड्यापुरतं ठेवून बघा. तेवढ्यात तुमची झोप भरून निघेल आणि मग शांत डोक्याने ठरवता येईल.

महोदया, माझे वय 74. गावातले घर 2021 मध्ये धाकट्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केले. आता मला मागच्या पडवीत ठेवले आहे. जेवण वेळेवर नाही, औषधाला पैसे नाहीत. मोठा मुलगा म्हणतो, ज्याला दिलेत त्याला विचारा. वकील म्हणाले, नोंदणी झाली, विषय संपला. – एक वाचक, सातारा जिल्हा

काका, विषय संपलेला नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा, 2007, हा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पेटीतलं बक्षीसपत्र काढा आणि ‘सांभाळ करील’, ‘देखभाल करील’ अशा अर्थाचं वाक्य कुठे आहे का बघा. त्याच सुमारास मुलाने वेगळ्या कागदावर काही लिहून दिलं असेल तर तेही शोधा. अट दिसायला हवी असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं होतं. पण जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, त्याचा अर्थही तसाच लावायला हवा, असं सांगून आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि ताबा परत द्यायला लावला. म्हणून कागद नीट वाचल्याशिवाय कुणाचंही ‘संपलं’ ऐकू नका.

घर परत मिळो न मिळो, निर्वाहभत्त्याचा तुमचा हक्क वेगळा आहे आणि तो दोन्ही मुलांवर आहे. थोरल्याचं ‘ज्याला दिलेत त्याला विचारा’ हे कायद्यात बसत नाही. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, तिथल्या न्यायाधिकरणापुढे सुनावणी होते. महिन्याला दहा हजारांपर्यंत भत्ता ठरू शकतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा धीर सोडू नका. वकील लागतोच असं नाही. तुम्हाला जाणं होत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करू शकते. गावात किंवा तालुक्याला ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या. एकट्या म्हाताऱ्या माणसाला कारकून उद्या या म्हणतो, चौघांना म्हणत नाही.

निकालाआधी समेटासाठी बसवतील. तिथे ‘आम्ही सांभाळतो’ एवढ्यावर सही करू नका. दरमहा किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि घरातली कोणती खोली, हे सगळं कागदावर आल्यावरच सही करा. तोवर 14567 या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनला फोन करा, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाण किंवा उपासमार झाली तर थेट 112.

इतर वाचकांसाठी एक सांगते. हयातीत राहतं घर बक्षीस देऊ नका. मृत्युपत्र करा, ते पुढे केव्हाही बदलता येतं. मुलं कितीही चांगली असली तरी माझं मत हेच आहे.

आमच्या आत्याचं (वय 83) पेन्शन थांबलं. हयातीचा दाखला द्यायला गेलो तर बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. तिला पुन्हा बँकेत उचलून न्यायचं का? – भाचा, सांगली

न्यायची गरज नाही. ‘जीवन प्रमाण’मध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात, आता चेहऱ्यावरून ओळख पटते. तुमच्याच मोबाइलवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अॅप घ्या आणि चांगल्या उजेडात त्यांचा चेहरा टिपा. ते जमलं नाही तर पोस्टात सांगून ठेवा, पोस्टमन घरी येऊन थोडक्या शुल्कात दाखला करून देतो. बँकेलाही लेखी अर्ज द्या. सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने 2017 पासून सांगितलेलं आहे. पेन्शन केंद्र सरकारचं असेल तर ऐंशी पूर्ण झालेल्यांना दाखला नोव्हेंबरची वाट न बघता 1 ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला जमा झाला की अडकलेली रक्कम मागच्या थकबाकीसह जमा होते.

ताई, मी ब्यूरोतर्फे पेशंट सांभाळते. सध्याच्या आजोबांना विसरण्याचा आजार आहे. संध्याकाळ झाली की ते घरी जायचं म्हणतात, अडवलं की मारतात. पाकीट सापडलं नाही की मला चोर म्हणतात. घरचे म्हणतात, मावशी, सवय करून घ्या. बारा तासांचे चौदा होतात. सुट्टी मागितली की ब्यूरोवाले दुसरी बाई पाठवायची धमकी देतात. तुमच्या सदरात आमच्यासारखीला लिहिता येतं का? – डोंबिवली

येतं, आणि तुमचं पत्र बघून मला फार बरं वाटलं. म्हाताऱ्यांच्या सेवेबद्दल सगळे बोलतात, ती सेवा जिच्या हातून होते तिला कुणी विचारत नाही.

आधी आजोबांचं. या आजारात दुपार कलल्यावर अस्वस्थपणा वाढणं नेहमीचं आहे. चारच्या सुमारालाच दिवे लावा, टीव्ही बंद करा, खायला द्या, जमलं तर अंगणात किंवा गॅलरीत चालवा. घरी जायचं म्हणाले तर ‘हेच तुमचं घर’ असं पटवत बसू नका. घरी कोण कोण आहे ते विचारा, बोलतं करा. मागून हात लावू नका, समोर येऊन, आधी सांगून मग हात लावा. पाकिटावरून वाद घालू नका, ‘चला, दोघं शोधू’ म्हणा. तुम्हाला चोर म्हणतो तो त्यांचा आजार आहे. आणि एक महत्त्वाचं, मारणं किंवा बडबड एक-दोन दिवसांत अचानक वाढली तर घरच्यांना लगेच डॉक्टरांना बोलवायला सांगा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा सांगता न येणारं दुखणं यामुळे असं होतं आणि त्यावर औषध आहे.

आता घरच्यांसाठी, आणि हे त्यांना वाचून दाखवा. घरातला सोन्याचा दागिना, रोकड, पाकीट हे सगळं कुलपात गेलं पाहिजे आणि किल्ली घरच्यांकडेच राहिली पाहिजे. आजोबा बाईला चोर म्हणाले की तिथल्या तिथे, तिच्यासमोर, घरच्या माणसाने म्हणायला हवं की मावशींनी घेतलेलं नाही. मार खाण्याची सवय करून घ्यायची नसते. संध्याकाळचे दोन तास घरातलं एक माणूस सोबत असायला हवं. साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार आहे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसलं. उद्या हीच वेळ कुणाच्याही घरावर येईल, आणि तेव्हा काम जाणणारी बाई सहजासहजी मिळत नाही.

तुमच्या हक्काचं असं की ड्युटीच्या वेळा, आठवड्याची सुट्टी आणि ब्यूरो किती कापतो हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर व्हॉट्सअॅपवर तुम्हीच मेसेज टाका, ‘आज सकाळी आठ ते रात्री दहा काम केलं’. पुढे वाद झाला तर तो उपयोगी पडतो. वय 59 च्या आत असेल तर ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, काढा. त्या घरातल्या कुणी नको तसा स्पर्श केला किंवा तसं बोललं, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरी येऊन काम करणाऱ्या बायकांचा वेगळा उल्लेख आहे.

ज्येष्ठांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली दिलं जातं. तुमच्या जवळ ते कुठे होतं याची चौकशी 14567 वर किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. प्रमाणपत्र हाती असलं की रुग्णालयात थेट नोकरी मागता येते, मध्ये ब्यूरो लागत नाही. आणि पुन्हा लिहा. संध्याकाळचे दिवे, चालणं यातलं काय लागू पडलं ते कळवलंत तर पुढच्या अंकात छापेन, हेच काम करणाऱ्या इतर बायका ते वाचतील.