रेघ ओढण्याआधी जागेवर जा

तुझं पत्र मिळालं. पर्यावरण सल्लागाराच्या ऑफिसात ऑटोकॅडवर रेघा ओढायच्या आणि जुन्या अहवालात नवीन प्रकल्पाची नावं घालायची, एवढंच काम मिळतं ही तुझी तक्रार. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं. रेघा खुशाल ओढ, पण ज्या जमिनीवर ओढतेस ती आधी बघून ये.

सॅटेलाइट इमेज कोणीही उघडतं. भूमी अभिलेखातून गाव नकाशाची नक्कल काढून, गट नंबर सातबाऱ्याशी ताडून, ओढा कुठून कुठे जातो हे बघणारे मात्र थोडेच. तो नकाशा घेऊन साइटवर फिर. तोच ओढा एका ठिकाणी पाइपात कोंबलेला, पुढे भराव टाकून वळवलेला दिसेल. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला, तेव्हा कुठे शहराला त्याची आठवण झाली.

आपल्या धंद्यातली एक गोम सांगतो. पर्यावरण मंजुरीसाठीचा बेसलाइन डेटा, म्हणजे प्रकल्पाआधीच्या हवा-पाण्याच्या स्थितीची नोंद, बहुधा एकाच हंगामाचा घेतात, तोही पावसाळा सोडून. हवेपुरतं ते पटतं. पावसात धूळ बसते, आकडे उगाच चांगले येतात. पण एप्रिलमधल्या फोटोत ओढा म्हणजे चार बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तो फोटो लावून ‘प्रकल्पस्थळी जलस्रोत नाही’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो? म्हणून जुलैत एक चक्कर मार, वर्कऑर्डरमध्ये नसली तरी. कंपाउंडच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघ, शेजारच्या टपरीवाल्याला पाणी कुठवर आलं होतं ते विचार. मग जलसंपदा विभागाच्या नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा तपास. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस.

मुंबईचा 2034 चा विकास आराखडा आठव. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप प्रसिद्ध झालं, चुकांवरून हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये सरकारने ते नव्याने करायला सांगितलं. त्यातल्या कितीतरी चुका त्या त्या रस्त्याने चालत गेलेल्या माणसाच्या सहज लक्षात आल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

राहिला साहेबांचा प्रश्न. आपली फी प्रकल्पवाला देतो, तेव्हा ‘जरा सौम्य लिही’ असं कधीतरी ऐकावं लागणारच. भाषा सौम्य कर, आकड्याला हात लावू नकोस. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते, हे साहेबांनाही ठाऊक असतं. शांतपणे आठवण करून दे. साइटवरची वही तारखेसकट जपून ठेव, टायपिंग झालं म्हणून फाडू नकोस. (आमच्या पिढीने अशा वह्या रद्दीत घातल्या आणि नंतर सुनावणीत तोंडं बघत बसली.)

नोकरी बदलण्याचं म्हणशील, तर निदान एक प्रस्ताव टीओआरपासून (अभ्यासात काय काय तपासायचं ते ठरवून देणारा कागद) मंजुरीपर्यंत तुझ्या हातून जाऊ दे. प्रस्ताव तपासणाऱ्या समितीने काढलेल्या शंकांना उत्तरं लिहिताना जेवढं शिकशील तेवढं कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. त्यानंतर बदल, आणि मुलाखतीत पगाराच्या आधी विचार, साइटवर जायला गाडी देता का?