नवा बुश बसला, पण पिन शिरत नाहीये

प्रश्न : काका, बाबांची जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० आहे, टकटक आवाज यायला लागला म्हणून इंजिन उघडलं. कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाचा बुश (पिस्टनची पिन ज्यात बसते ती ब्राँझची नळी) झिजलेला निघाला, नवा ठोकून बसवला तर आता पिस्टनची नवी पिनच आत जात नाही. मिस्त्री म्हणतो एमरी पेपर फिरवतो. करू देऊ का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नको रे, एमरी अजिबात नको! पिन जात नाहीये हे बरोबरच आहे, बुश चुकीचा आलेला नाही. तो बाहेरून रॉडच्या भोकापेक्षा जरासा मोठाच बनवतात, म्हणून दाबून बसवला की आतून आवळतो, आणि शेवटचं माप बसवल्यानंतरच काढायचं असतं. एमरीने भोक गोल राहत नाही, तोंडाशी मोठं मधे बारीक असं होतं, आणि पेपरचे कण त्या मऊ ब्राँझमध्ये रुतून बसतात ते मग पिन खात राहतात.

मला खरी काळजी "ठोकून" या शब्दाची वाटते. रॉड क्रँकला लागलेला असताना हातोडी मारली तर रॉड वाकू शकतो आणि धक्का खालच्या बेअरिंगला बसतो. त्यामुळे आधी भोकातून लांब सरळ सळई घाल आणि क्रँककेसच्या (क्रँक ज्यात बसतो ते खोकं) तोंडापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजून बघ, फरक असेल तर रॉड आधी तपासून घे. दुसरं म्हणजे ऑइलचं भोक. बुशचं आणि रॉडचं समोरासमोर आलंय का? नसेल तर पिनला ऑइल नीट मिळणार नाही आणि सगळी मेहनत वाया.

परत बसवायची वेळ आली तर जाड बोल्ट, नट, वॉशर आणि एक पाइपचा तुकडा घेऊन खेचून बसव. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, आपल्याकडे मे महिन्यात ४० डिग्री असताना उणे १८ चा बुश, २० मिमीच्या मापात साधारण ०.०२ मिमी आकसतो, तेवढ्यानेही काम बरंच हलकं होतं.

आता रीमर, म्हणजे भोक आतून कापून मापात आणायचं हत्यार. ॲडजस्टेबल रीमर सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे विचार, किंवा होनिंगवाल्याकडूनच (मशीनवर भोक घासून मापात आणणारा) करून घे, मी तर होनिंगच सांगेन. हाताने केलंस तर केसच्या तोंडात कापड कोंब म्हणजे ब्राँझचा चुरा आत पडणार नाही, रीमर थोडा थोडाच वाढव, आणि बाहेर काढतानाही उलटा फिरवू नकोस, धार जाते आणि बुशला ओरखडे पडतात. ऑइल लावलेली पिन अंगठ्याने दाबल्यावर सरकली पाहिजे, पण हलवून बघितली तर डुगडुगता कामा नये. इतकंच. जास्त कापलं गेलं तर परत नवा बुश!

पिस्टनमध्ये पिन टाइट वाटली तर पिस्टन उकळत्या पाण्यात गरम कर, ठोकू नको. आणि पिनचा लॉक (पिन बाहेर सरकू न देणारी तारेची रिंग) नवीनच टाक, जुना निसटला तर सिलिंडर चिरतो.