शेजाऱ्याला किती अनुदान मिळालं, हे गावाने का बघायचं?

प्रश्न : भाचा सांगत होता की युरोपात कुठल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान किती मिळालं ते नावासकट नेटवर टाकतात. खरंय का हे? शेतकऱ्याला काही प्रायव्हसी आहे की नाही? आणि अशा यादीत बडे लोक सापडतात तरी का?

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय, आणि तुमची शंकाही रास्त आहे. नेमका हाच मुद्दा घेऊन जर्मनीच्या हेसन राज्यातला एक शेतकरी आणि एक शेती फर्म कोर्टात गेले होते, प्रकरण पार लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टापर्यंत पोचलं आणि ९ नोव्हेंबर २०१० ला निकाल लागला की कंपन्यांची नावं खुशाल टाका, पण व्यक्तींच्या बाबतीत हे अतीच होतंय. यादीच नको असं कोर्ट म्हणालं नाही हां, म्हणणं एवढंच की ज्याला चिल्लर मिळाली आणि ज्याला घबाड मिळालं त्या दोघांना एकाच मापाने कसं मोजता?

मग नियम बदलला. आता साधारण १,२५० युरोपर्यंत मिळाले असतील तर नाव येत नाही, नुसता कोड येतो. बाकीच्यांचं नाव, पालिका, कुठल्या योजनेतून किती, सगळं दिसतं. यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. एखाद्या पालिकेत लाभार्थीच मोजके असतील तर कोड टाकून काय उपयोग, शेजारीपाजारी लगेच ओळखणार, म्हणून अशा वेळी पालिकेचं नाव न देता तिच्या वरचा मोठा भाग दाखवतात. हे नक्की खेड्यात वाढलेल्या कुणीतरी सुचवलं असणार!

१,२५० युरोच्या वर मिळालेल्यांची नावं मात्र दिसलीच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण २०२१ ते २०२७ साठी शेतीला ठेवलेली रक्कम ३८७ अब्ज युरोच्या आसपास आहे, म्हणजे युरोपियन युनियनच्या बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

आता बडे लोक. सापडतात की! ब्रिटनने २००५ मध्ये यादी उघडली तर त्यात राणीची इस्टेट पण निघाली. अनुदान बरंचसं हेक्टरवर मिळतं, जमीन जास्त तर पैसे जास्त, त्यामुळे ८० टक्के पैसा २० टक्के लोकांकडे जातो हे तिकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण खरी गोम अशी की यादीत नाव कंपनीचं असतं, मालकाचं नाही. चेक रिपब्लिकचे आंद्रेई बाबिश यांनी पंतप्रधान व्हायच्या आधी, २०१७ मध्ये, आपली शेती आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यातली बडी कंपनी अ‍ॅग्रोफर्ट ट्रस्टमध्ये टाकली, कागदावर हात वर, पण ताबा त्यांचाच असल्याचं युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑडिटमध्ये निघालं. नुसती यादी वाचून हे कुणाला कळलं असतं? आता ग्रुपमधल्या कंपनीच्या पुढे मूळ कंपनीचं नाव पण द्यावं लागतं, तेवढं तरी बरं झालं.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत लावतात आणि ती दोन वर्षं ठेवायचं बंधन आहे, पुढे काढून टाकली तर दहा वर्षांत कोण किती फुगला हे बघायचं कसं? काही पत्रकार म्हणूनच जुन्या याद्या साठवून ठेवतात. भाच्याला खरंच इंटरेस्ट असेल तर त्याला सांगा, प्रत्येक देशाची साइट वेगळी असते, आणि उघडलेली फाइल आधी सेव्ह करून ठेव म्हणावं.