शस्त्रसामग्री चढवायची, पण कोणाविरुद्ध?

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पत्रातले थोडक्यात असे: चार महिने झाले, पहाटे तीनला दचकून जाग येते, घाम फुटतो, छाती धडधडते आणि ‘देवाने मला टाकले’ हा एकच विचार डोक्यात फिरत राहतो. प्रार्थनेला बसलात की शब्द सुचत नाहीत. सासूबाईंशी रोज खटके उडतात. प्रार्थना-गटातल्या एका काकूंनी सांगितले की घरात दुष्ट आत्मा आहे, तो सासूबाईंमार्फत काम करतो. 21 दिवस निर्जळी उपास करा आणि भिंतींना तेल लावा. तुम्ही साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या घेता. ‘लढाईची तयारी कशी करू?’ असे तुम्ही विचारता.

निर्जळी उपास करू नका. सुरू केला असेल तर आजच सोडा. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर उपाशी राहिले की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, डोक्यात गोंधळ होतो, आणि हीच लक्षणे मग ‘हल्ला’ समजली जातात. पहाटे जाग आली की आधी ग्लुकोमीटर लावा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, आणि झोपेचे व मनावरच्या ओझ्याचेही त्यांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. यात विश्वास कमी पडला असे काही नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतरचे (1 राजे 19).

आता लढाई. ती खरी आहे, आणि तुम्हाला ती जाणवते याबद्दल मी शंका घेत नाही. पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडा. विश्वासणाऱ्याने चढवायची देवाची शस्त्रसामग्री तिथे आहे: नीतिमत्त्वाचे उरस्त्राण (छातीचे चिलखत), विश्वासाची ढाल, देवाचे वचन ही तलवार. शस्त्रांची नावे येण्याआधी, 12 व्या वचनात, प्रेषित पौल सांगून टाकतो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. सासूबाई रक्तमांसाच्या आहेत. त्यांच्यावर रोखून केलेली प्रार्थना चुकीच्या दिशेला जाते, मग ती कितीही मोठ्याने केलेली असो. सैतानाला वाव कुठून मिळतो तेही याच पत्रात आहे: रागावर सूर्य मावळू देऊ नका, त्याला वाव देऊ नका (4:26-27). मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जागा’. रात्री दहाला न मिटवलेला खटका पहाटे तीनला उशाशी बसलेला असतो. म्हणून पहिली तयारी संध्याकाळची. खटक्यात तुमचा जो वाटा असेल तेवढ्याचीच माफी दिवे लागायच्या आत मागा. ‘चुकले, पण तुम्हीही...’ असे नको. ‘मगाशी मी आवाज चढवला, चुकले’, एवढेच. त्या काय उत्तर देतात ते तुमच्या हातात नाही.

सहाव्या अध्यायाच्या 11 ते 14 या वचनांत ‘उभे राहणे’ आणि ‘टिकणे’ या अर्थाची क्रिया चार वेळा येते. किल्ला जिंकायला नाही सांगितलेले, जागा न सोडायला सांगितले आहे. ढालीसाठी वापरलेला शब्द ‘दार’ या शब्दापासून आलेला आहे. रोमी शिपायाची ही ढाल जवळजवळ चार फूट उंच. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवलेल्या, वरून कातडे. शेजारच्याच्या ढालीला ती भिडवली की भिंत होई. मूळ भाषेत ही सगळी आज्ञा अनेकवचनी आहे. एकटीने पहाटे झुंजू नका. मंडळीतली (चर्चमधली) एक समंजस, तोंडाची घट्ट बाई निवडा. आठवड्यातून एकदा 20 मिनिटे तिच्याबरोबर प्रार्थना करा.

तलवारीचे म्हणाल तर ‘वचन’ म्हणून दिसेल ते म्हणत सुटणे उपयोगाचे नाही. अरण्यात प्रभू येशूला मोहात पाडताना सैतानानेही स्तोत्र 91 म्हणून दाखवले होते. प्रभूने तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातले नेमके, त्या मोहाला लागू पडणारे वचन दिले. तुमच्यावर येणारे बाण मला तीन दिसतात. दोषीपणासाठी रोम 8:1, भीतीसाठी 2 तीमथ्य 1:7, रागासाठी याकोब 1:19-20. महिन्याला तीनच. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, डबा काढताना मोठ्याने वाचा. पाठ झाले की पहाटे दिवा न लावताही तोंडात येतील.

उरस्त्राणाबद्दल एक सांगायलाच हवे, कारण तुमचे पत्र तिथेच दुखते आहे. यशया 59:17 मध्ये ते स्वतः परमेश्वराने घातलेले आहे. नीतिमत्त्व त्याचे आहे, तुमच्या चांगल्या दिवसांची बेरीज नव्हे. ‘मी लायक नाही’ या विचाराशी वाद घालत बसू नका. ‘नाहीच, पण ख्रिस्त आहे’, एवढे म्हणा.

शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेक ओळ थांबत म्हणा. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ त्यातच आहे. सकाळी 10 मिनिटे पुरे. तासाभराचा नेम धरला की चौथ्या दिवशी मोडतो आणि मोडल्याचा दोष वर चढतो. उपास करायचाच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलचा करा. यशया 58 चा उपास जमत असेल तर फार उत्तम: एका भुकेल्याला जेवू घाला.

तेलाचे याकोब 5:14 मध्ये आहे खरे, पण तिथे आजारी माणूस मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावतो आणि ते त्याला तेल लावतात. भिंतींचा उल्लेखही नाही. पाळकसाहेबांना घरी बोलवा, तुमच्या आजारासाठी प्रार्थना करू द्या, आणि त्या वेळी सासूबाईंना खुर्ची देऊन शेजारी बसवा. काकू पुन्हा आल्या तर चहा द्या. सासूबाईंचा विषय निघाला की तिथेच थांबवा: ‘काकू, त्यांच्याविषयी नको. माझ्या झोपेसाठी प्रार्थना करा.’