वाचक विचारतात: हिंगण्याची झोपडी ते जुहूचा परिसर

(गेल्या अंकात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा (एसएनडीटीचा) ओझरता उल्लेख आला आणि पत्रांचा ढीग आला. मी याच विद्यापीठाच्या पुण्यातल्या परिसरात शिकले, नंतर ग्रंथपाल म्हणून नोकरी केली. त्यामुळे ही उत्तरं जरा आपुलकीनेच लिहिली आहेत.)

ताई, आम्ही कर्वेनगरला राहतो. अण्णासाहेब कर्व्यांची झोपडी इथे, समाधी इथे, पण एसएनडीटी मात्र नळस्टॉपजवळ. विद्यापीठ इथलंच ना? मग ते इथून गेलं कसं?
— एक वाचक, पुणे

विद्यापीठाचा जन्म तुमच्याच भागातला, पण त्या जागेवर आधी दुसऱ्या संस्थेचा हक्क होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, विधवांना आसरा आणि शिक्षण देण्यासाठी. आश्रम आधी पुणे शहरात होता. पुण्यात प्लेग होता, आणि पुनर्विवाह केलेल्या माणसाने चालवलेल्या विधवांच्या आश्रमाला शेजार मिळणंही कठीण होतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची, म्हणजे आजच्या कर्वेनगरची, सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली.

तेव्हाचं हिंगणे डोळ्यांसमोर आणा. शहरापासून चारेक मैल, पक्का रस्ता नाही, पावसाळ्यात चिखलच चिखल. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे. कर्व्यांच्या पुतळ्याला हार घालतो तेव्हा ही पायपीट आपल्याला आठवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

५ जुलै १९१६ ला महिला पाठशाळा, म्हणजे विद्यापीठाचं पहिलं महाविद्यालय, हिंगण्यालाच सुरू झालं. विद्यार्थिनी पाच. पण आश्रमाचं काम वेगळं आणि विद्यापीठाचं वेगळं. विद्यार्थिनी आणि प्राध्यापक शहराजवळ हवे होते. म्हणून १९२० च्या दशकात महाविद्यालय एरंडवण्यात आलं, तोच आजचा कर्वे रस्त्यावरचा महर्षी कर्वे विद्याविहार. हिंगण्याची मूळ संस्था तिथेच वाढली. तुमच्या घराजवळची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था ती हीच, आणि १९९१ पासूनचं मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय याच संस्थेचं. संस्थापक एक, संस्था दोन. पत्ता विचारताना रिक्षावाल्यांचा गोंधळ होतो, पण इतिहासात गोंधळ नाही.

सगळं पुण्यात उभं राहिलं, मग मुख्यालय मुंबईला का? पुण्यावर हा अन्याय नाही का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

अन्याय म्हणवत नाही मला. थोडं मागे जाऊन सांगते.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं. भाषणाच्या तयारीत त्यांनी टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची, पूर्वी बाजूला ठेवलेली माहितीपुस्तिका पुन्हा काढून वाचली. पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू! रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रघुनाथ परांजपे कुलगुरू. नावं मोठी, पण सरकारी मान्यता नाही आणि अनुदानही नाही. शुद्ध खासगी विद्यापीठ. वर्गणीदार सिनेटसाठी मतदान करायचे, शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय. पदव्यासुद्धा स्वतःच्या, गृहीतागमा (बी.ए.सारखी) आणि प्रदेयागमा (एम.ए.सारखी). त्या पदवीवर सरकारी नोकरीची खात्री नव्हती. तरी आईबापांनी मुली पाठवल्या, या धाडसाचं श्रेय त्या घरांनाही द्यायला हवं.

मान्यतेशिवाय विद्यापीठ चालवायचं तर पैसा कुठून आणायचा? सर विठ्ठलदास ठाकरसी मुंबईचे कापडगिरण्यांचे मालक. तेही जपानला जाऊन ते महिला विद्यापीठ पाहून आले होते. १९२० मध्ये त्यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. सगळी रक्कम एकदम हातात आली असं मात्र समजू नका. दरवर्षी साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ५२,५०० रुपये, मिळायचे. पगार, भाडी आणि शाळांची मदत यांचा मोठा आधार हाच.

मग मुंबईकडे ओढा होणारच. दाते मुंबईत, गुजराती कुटुंबं मुंबईत, आणि विद्यापीठाला मराठीच्या बरोबरीने गुजराती मुलीही हव्या होत्या. पुढे गुजरातेतली महाविद्यालयंही याच विद्यापीठाशी जोडली गेली. १९३१ मध्ये मुंबईत महाविद्यालय निघालं आणि १९३६ मध्ये मुख्यालय गेलं. पुण्याचं महाविद्यालय बंद झालं नाही, हे महत्त्वाचं. एका गावावर हट्ट धरला असता तर विद्यापीठ तगलं असतं का, याची मला शंका आहे.

सरकारी मान्यतेचा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५१ मध्ये वैधानिक दर्जा प्रत्यक्षात आला. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. एवढ्या काळात दुसरं कुठलं विद्यापीठ गाशा गुंडाळून बसलं असतं.

चर्चगेट आणि जुहू या दोन परिसरांत फरक काय?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

चर्चगेटला, न्यू मरीन लाइन्सवर, मुख्य कार्यालय आणि पाटकर सभागृह. जागा अपुरी, पण लोकलने येणाऱ्या मुलींना सोयीची. १९६४ पासूनचं परिचर्या महाविद्यालयही तिथेच. जुहूचा, म्हणजे सांताक्रूझ पश्चिमेचा, सर विठ्ठलदास विद्याविहार मोकळा आहे. गृहविज्ञान तिथे आहे, आणि मुलींसाठीचं उषा मित्तल तंत्रज्ञान महाविद्यालय १९९७ मध्ये तिथेच सुरू झालं. तुला कोणता विषय घ्यायचा आहे त्यावर परिसर ठरेल, म्हणून आधी विषय ठरव.

कर्वे आणि ठाकरसी, दोन्ही पुरुषच. या जागा उभ्या करण्यात बायकांचा वाटा होता की नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण तो फारसा विचारलाच जात नाही.

पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी, त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांची बहीण. स्वतः विधवा. त्या आश्रमात शिकल्या, मग आश्रमातच काम करू लागल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये तर जवळजवळ इंग्रजी येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून पोट भरलं. परक्या देशात दुसऱ्यांची धुणीभांडी करणारी ही विधवा बाई आपल्या मुलींच्या शाळेची गोष्ट लोकांना सांगत होती. बाया कर्व्यांनीही आश्रमासाठी पैसे मागताना अपमान गिळले. त्यांच्या नावाच्या पाट्या परिसरात शोधाव्या लागतात, हे मला खटकतं. ते बदलायला हवं.

सर विठ्ठलदास १९२२ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी ही जबाबदारी पुढे नेली. येरवड्याच्या त्यांच्या पर्णकुटीत गांधीजी राहिले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण वैधानिक दर्जा मिळतानाच्या काळापासून जवळपास वीस वर्षं त्या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, हे कमी जणांना माहीत असतं. कुठल्या परिसरात गेलात तर त्यांच्याबद्दल तिथल्या ग्रंथपालांना जरूर विचारा. जुने अहवाल कुठे ठेवले आहेत, हे त्याच सांगू शकतील.